वहिनीच्या किडनीचा आलेख

वहिनी,

तू गेलीस त्याला आज एकवीस दिवस झाले, आणि तुझी डावी किडनी अजून कामावर आहे. काल दुपारी मी स्वतः मोजली. दादाच्या पोटात, उजव्या बाजूला खाली, पंचवीस वर्षांपूर्वी बसवली होती तिथेच ती बसून आहे आणि तिला काही कळलेलंसुद्धा नाही. घरात रडारड झाली, ती मात्र आपलं रोजचं काम करत राहिली. अगदी तुझ्यासारखी.

भेटायला येणारे लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. तुझ्या पुरणपोळ्या, तुझा आवाज, मंडळाच्या हळदीकुंकवाला तू काढायचीस त्या रांगोळ्या. मी मान डोलावतो. पण मला तुझ्याशी जे बोलायचं आहे ते त्यातलं नाही, आणि ते या लोकांसमोर बोलताही येत नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. मला लिहिताना पाहून तू म्हणाली असतीस, ‘भाऊजी, रिपोर्टपलीकडे कधी काही लिहिलंय का तुम्ही?’ नाही लिहिलं. त्यामुळे हेही थोडंफार रिपोर्टसारखंच होणार, सांभाळून घे.

आधी दादाचं सांगतो, कारण काल मोजायची वेळ त्याच्यामुळेच आली. तेराव्यापर्यंत मंदार इथेच होता आणि बापाला वेळच्या वेळी गोळ्या देत होता. मग तो बंगलोरला परत गेला. त्यानंतर पाच दिवसांनी मी फरीदाबादच्या तुमच्या घरी गेलो, तर सात वारांच्या सात कप्प्यांची ती निळी डबी भरलेली, जशीच्या तशी. किडनी टिकवणाऱ्या गोळ्या, आणि पाच दिवस एकही घेतलेली नाही. मी विचारलं तर दादा शांतपणे म्हणाला, “ती द्यायची म्हणून मी घेत होतो. आता तिची वस्तू आहे, तिच्यामागे जाऊ दे.”

त्याला ओरडलो, मग हात जोडले, त्या दिवशीच्या गोळ्या समोर बसून घ्यायला लावल्या. रक्त तपासलं तर आकडा थोडा वर गेलेला. तेव्हा म्हटलं, आता मोजायलाच हवं.

मोजायचं म्हटलं की मला तोच दिवस आठवतो. तुलाही आठवत असणार.

तेव्हा तुम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतात. दोन खोल्या आणि एक व्हरांडा. त्या व्हरांड्यात माझी खाट होती हे तू कधी कोणाला बोलून दाखवलं नाहीस, म्हणून मीच सांगतो. सतराव्या वर्षी मी साताऱ्याहून शिकायला दिल्लीत आलो आणि नोकरी लागून लग्न होईपर्यंत तुझ्या व्हरांड्यात राहिलो. नऊ वर्षं. माझ्या डब्यात तिसरी पोळी कायम जास्तीची असायची. मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात टेक्निशियन झालो तेव्हा तू सगळ्या जिन्याला पेढे वाटलेस. मी नक्की काय करतो हे मात्र तू शेजारच्या मिसेस नेगींना असं सांगितलंस, “हमारे भाऊजी लोगों के अंदर की फोटो निकालते हैं, पर फोटो में कुछ दिखता नहीं।” या वर्णनात चूक काढायला मला आजही जमलेलं नाही.

मग दादाच्या किडन्या गेल्या. बेचाळिसाव्या वर्षी, दोन्ही. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, अंगाला खाज, तोंडाला चव नाही, मंत्रालयातून येऊन सरळ अंथरुणात. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या, घरातलं कोणी किडनी देत असेल तर लवकर ठरवा. आईला मधुमेह होता. उरलो दोघं, तू आणि मी. रक्तगट दोघांचेही जुळत होते. मी काही म्हणायच्या आत तू म्हणालीस, “माझी मोजा.” आणि वर, “भाऊजींनीच मोजायची. परक्याच्या हातात मी पाठ देणार नाही.”

मी नाही म्हणत होतो. घरच्या माणसाची तपासणी घरच्यानं करू नये असा आमच्याकडे लेखी नव्हे पण पाळायचा नियम. पण माझा जोडीदार गुरचरण रजेवर होता आणि तुझ्यापुढे माझं काय चालणार.

मोठा कॅमेरा त्या पावसाळ्यात बंद पडला होता आणि त्याचा भाग परदेशातून यायचा होता. म्हणून कोपऱ्यातली जुनी गाडी बाहेर काढली. गाडी म्हणजे चाकांचं लोखंडी टेबल. त्यावर तांब्याएवढे दोन डिटेक्टर, हवे तसे वरखाली करता येणारे, आणि खाली कागदाची गुंडाळी व दोन पेनं, लाल आणि निळं. वॉर्डात नेऊन पेशंटच्या खाटेपाशीही लावता यायची. पेशंटला पाठ करून बसवायचं, दोन किडन्यांच्या मागे दोन डिटेक्टर टेकवायचे आणि दंडाच्या शिरेत किरणोत्सारी औषधाचे थोडे थेंब सोडायचे. किडनी ते औषध रक्तातून उचलते तसं पेन वर चढतं. किडनी ते खाली लघवीत सोडते तसं पेन उतरतं. चांगल्या किडनीची छान टेकडी निघते, चढ, माथा, उतार. वीस मिनिटांचा खेळ. पेशंटनं दोनच गोष्टी करायच्या, आधी भरपूर पाणी प्यायचं आणि मग अजिबात हलायचं नाही. औषध मुंबईहून विमानानं शिशाच्या जाड डबीत आठवड्यातून एकदाच यायचं. आज बिघडलं तर पुढची संधी आठ दिवसांनी.

डबी त्या दिवशी उशिरा आली. दोन वाजता तुला स्टुलावर बसवलं. भाद्रपदातलं दिल्लीचं ऊन, तू दोन बसेस बदलून आलेली, पदरानं मान पुसत होतीस.

“वहिनी, सांगितलं तसं पाणी प्यायलीस ना?”

तू मान हलवलीस.

पेनं चालू झाली. चढली, पण रेंगाळत. पाच मिनिटं झाली, सात झाली, माथा काही येईना. मग जो आला तो पठारासारखा, आणि उतार नाहीच. दोन्ही पेनं सरळ रेघ ओढत चाललेली. तू पाठमोरीच विचारलंस, “भाऊजी, ठीक आहे ना?” मी म्हणालो, “हलू नकोस.”

वीस मिनिटांनी तू उठलीस आणि तुला पडलेला प्रश्न वेगळाच होता. “अंगात ही किरणं घेऊन पूजा चालते का हो?” मी म्हणालो, फार थोडी आहेत, दोन दिवसांत निघून जातील. “म्हणजे देवाला कळणार नाही,” तू म्हणालीस आणि पर्स उचलून निघालीस. पूजा कसली, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. माझे डोळे त्या कागदावर होते.

डॉक्टरीणबाईंनी कागद उलगडला, परत गुंडाळला. “दोनों तरफ़ ढीला है। डोनर बदलना पड़ेगा, मधुकर जी। आपका ग्रुप तो मिलता है ना?”

“हाँ जी,” मी म्हणालो. आवाज माझाच होता.

संध्याकाळी आमच्या बरसातीवर, गच्चीवरच्या भाड्याच्या खोलीत, गेलो. नीलिमा मुलीला मांडीवर घेऊन खिमट भरवत होती. रेवा तेव्हा आठ महिन्यांची. मी सगळं सांगितलं. नीलिमा रडली नाही, भांडली नाही. तिनं एवढंच विचारलं, “कधी?” मी म्हणालो, “बघू.” आणि मग आम्ही दोघं त्या पोरीकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी गणपती. दरवर्षीप्रमाणे आरतीला तुमच्याकडे आलो. दादा भिंतीला टेकून बसला होता, टाळ वाजवायचीही ताकद नव्हती. आणि दारातच मिसेस नेगी भेटल्या. “कल तो भाभीजी ने हद कर दी। पानी की एक बूँद नहीं। शाम को सीढ़ियों में ही बैठ गई थीं, मैंने पकड़ के ऊपर पहुँचाया।”

तेव्हा कोपऱ्यातला चौरंग मला दिसला. वाळूची पिंड, भोवती सुकलेली पत्री. सरकारी कॉलनीच्या कुंपणांवरून आणि माळ्याच्या हातापाया पडून तू गोळा करायचीस ती. आदला दिवस हरतालिकेचा होता.

मी तडक स्वयंपाकघरात आलो. तू मोदकांना कळ्या पाडत होतीस.

“निर्जळी केलीस?”

“हो.”

“काल सकाळपासून?”

“परवा रात्रीपासून. ह्यांच्यासाठी नाही करायची तर कधी करायची?”

“मी पाणी प्यायलीस का विचारलं, तर मान हलवलीस.”

“मग काय सांगणार होते? तुम्ही तिथंच ग्लास तोंडाला लावला असता.”

“उपासाच्या दिवशी खोटं?”

“मी बोलले कुठे? नुसती मान हलवली.”

इतका संताप मला त्याआधी तुझा कधी आला नव्हता. मी म्हणालो, अगं, अंगात पाणी नसलं तर किडनी खाली सोडणार काय? ती धरूनच बसते. काल मी तुझी किडनी मोजलीच नाही, तुझा उपास मोजला. तुझ्या हातातली पारी मोडली. “म्हणजे मीच घालवलं?” तू म्हणालीस. त्या घरात नऊ वर्षं राहिलो, पण तुला रडताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पिठाचे हात तसेच धरून, आवाज न करता. मग नाक ओढून म्हणालीस, “परत मोजा. परवा, तेरवा, कधी म्हणाल तेव्हा. घागरभर पिते.”

आणि इथून पुढे, वहिनी, मी तुला कधीच सांगितलं नाही ते येतं.

जिना उतरताना मला फार हलकं वाटत होतं. इतकं हलकं की मला त्याची शंका आली. कोरड्या पेशंटचा आलेख तसाच येतो हे खरं, आमच्या विभागात नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. मग काल ते माझ्या लक्षात का आलं नाही? आणि आज इतकं पटकन का पटलं? मला वाटायला लागलं, हे कारण मला सोयीचं आहे म्हणून मी त्याला लोंबकळतो आहे. तुझी किडनी खरंच ढिली असेल, आणि मी केवळ माझी वाचवायला तुझी चांगली ठरवायला निघालो असेन. त्या गाडीवर दोन बटणं अशी होती की जरा फिरवली तर टेकडी थोडी देखणी निघते. कोणाला कळलं नसतं. मी तसं केलं असतं असं नाही. पण नसतंच केलं, असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

आठ दिवसांनी डबी आली, गुरचरणही रजेवरून आला. तू त्याच्यासमोर तीन ग्लास पाणी घटाघटा प्यायलीस आणि चौथा मागितलास. मी त्याला बाजूला घेतलं, “तू कर।”

“क्यों, यार? भाभीजी तेरी हैं।”

“इसीलिए।”

तो समजला. “अच्छा, चलो, तू चाय पी के आ।”

मी चहा प्यायलो नाही. मागच्या स्कूटर स्टँडवर जाऊन उभा राहिलो. तिथे एक पिंपळ आहे, त्याच्या बुंध्याशी कोणीतरी शेंदूर फासलेला दगड ठेवलेला. मी, जो तुझ्या उपासावर अर्धा तास भाषण देऊन आलेला, त्या दगडासमोर दोन्ही हात जोडले. ‘वहिनीची चांगली निघू दे.’ ऐकणाऱ्याला वाटलं असतं, केवढी माया. पण मला माहीत होतं मी काय मागतोय. तुझी चांगली निघाली तर माझ्यावर येणार नव्हतं. दादा वाचावा आणि मला टेबलावर चढावं लागू नये, दोन्ही एकदम हवं होतं, आणि त्याची वाट तुझ्या पाठीतून जात होती. ज्या बाईनं मला नऊ वर्षं जेवू घातलं तिचं पोट फाडलं जावं म्हणून मी हात जोडून उभा होतो.

गुरचरण कागद फडकवत बाहेर आला. दोन्ही टेकड्या पुस्तकात छापाव्यात अशा. डावी उजवीपेक्षा जराशी कमी, म्हणजे डावी काढायची आणि जास्त चांगली तुझ्याकडे ठेवायची. आत आलो तर तू स्टुलावरून उतरून पदर सारखा करत होतीस.

“कुठे गेला होतात?”

“चहाला.”

“अच्छा,” तू म्हणालीस.

पुढचं सगळं चांगलंच झालं, ते सांगत बसत नाही. दादाच्या पोटात तुझी किडनी टेबलावरच लघवी गाळायला लागली म्हणून सर्जन खूश झाले. महिन्याभरात दादाला भूक लागली. त्यानं पहिल्यांदा वांग्याची भाजी मागितली तेव्हा तू पोटावरचे टाके सांभाळत मंडईत जायला निघालीस आणि आईनं तुला दारातून मागे ओढलं.

आणि तिथून आपला वाद सुरू झाला, तो पंचवीस वर्षं चालला. तुझं म्हणणं, हरतालिकेनंच किडनी मिळाली. पहिल्या वेळी आलेख चांगला आला असता तर ऑपरेशन त्याच आठवड्यात ठरलं असतं, आणि नेमका त्याच आठवड्यात दादाच्या छातीत कफ भरून ताप आला होता. देवानं आठ दिवस पुढे ढकललं म्हणून तो वाचला. मी म्हणायचो, ताप असता तर डॉक्टरांनीच पुढे ढकललं असतं, त्याला देव कशाला हवा. तू म्हणायचीस, डॉक्टरांना सुबुद्धी कोण देतं. मी म्हणायचो, वहिनी, तुझ्या त्या उपासानं माझं आठवड्याचं औषध फुकट गेलं. तू म्हणायचीस, सरकारी होतं, तुमचं काय गेलं.

ऑपरेशननंतर निर्जळी बंद, हे मी तुला हिंदीत, मराठीत आणि डॉक्टरीणबाईंकडून इंग्रजीत सांगितलं. तू मांडवली केलीस. उपास करायचा, पण तासातासाला पाणी प्यायचं आणि दर ग्लासाला चौरंगाकडे बघून म्हणायचं, ‘दोष भाऊजींना लाव.’ दरवर्षी हरतालिकेला मी मुद्दाम चक्कर टाकायचो आणि तू माझ्यासमोर ग्लास उचलून ते वाक्य मोठ्यानं म्हणायचीस. माझ्या नावावर चढलेले ते दोष वर कोणी मोजत असेल तर माझी काही धडगत नाही.

तुझी उरलेली उजवी किडनी मी दर दोन वर्षांनी मोजायचो. एकटी पडल्यावर ती हळूहळू थोडी मोठी झाली आणि दोघींचं काम बरंचसं करायला लागली. असं होतंच, पण तुला त्याचं भारी कौतुक. “बघा, मोठी सून कशी असते.” आलेख तर तुला माझ्यापेक्षा भराभर वाचता यायला लागला. कागद हातात घेऊन म्हणायचीस, “चढ ठीक, माथा ठीक, उताराला मागच्या वेळेपेक्षा सुस्ती. काल पाणी कमी पडलं वाटतं.” माझ्या हाताखालच्या दोन पोरांना इतकं येत नव्हतं. एकदा मी गंमत म्हणून स्वतःची मोजून शेजारी ठेवली. तू दोन्ही कागद खिडकीशी धरलेस आणि म्हणालीस, “दोन असून तुमचं हे, माझं एकीत झालं.”

अशा वेळी मला अनेकदा वाटायचं, आता सांगावं. पिंपळाचं, दगडाचं, हात जोडल्याचं. वाद अगदी रंगात आला की जिभेवर यायचं. पण ते सांगितलं की वाद तर तू जिंकणारच, आणि शिवाय तुला कळणार की तुझ्या ताटात जेवलेला माणूस तुझ्या पाठीमागे काय मागत होता. म्हणून गिळायचो. दरवर्षी थोडं थोडं. आणि मग या महिन्यात तू सकाळी चहा ठेवायला उठलीस, ओट्यापाशी बसलीस, आणि हृदय थांबलं. माझं सांगायचं राहूनच गेलं.

तर काल. दादाला घेऊन सेंटरवर गेलो. स्वेच्छानिवृत्तीनंतर आठवड्यातून तीन दिवस मी तिथे कामाला जातो, तुला माहीतच आहे. मोठ्या कॅमेऱ्याखाली झोपायला दादा तयार होईना, पाठ दुखते म्हणाला. खरं म्हणजे त्याला कशातच रस नव्हता. मी म्हटलं, ठीक आहे, बसूनच कर. अतिदक्षता विभागातल्या पेशंटसाठी आमच्याकडे आता एक छोटा डिटेक्टर आहे, स्टँडसकट एका हातानं उचलता येतो. तो त्याच्या पोटाशी लावला, तुझ्या किडनीसमोर. पेनं वगैरे गेली, आता स्क्रीनवर रेघ येते. औषध सोडलं आणि त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसलो. पुढची वीस मिनिटं दोघांनाही कुठे जायचं नव्हतं.

रेघ चढायला लागली. दादा बघत होता.

“ही ती?”

“ही ती.”

थोड्या वेळानं तो म्हणाला, “ही माझ्यात ठेवायला तिनं एवढासाही विचार केला नाही रे, मधू. भाजी आणायला जावं तशी गेली.” आणि मग मला राहवलं नाही. मी म्हणालो, दादा, तिच्या जागी मी यायचा होतो, आणि मी सुटलो. त्याला सगळं सांगितलं. जिन्यातलं हलकं वाटणं, बटणांची भीती, गुरचरण, पिंपळ, जोडलेले हात. स्क्रीनकडे बघतच सांगितलं, त्याच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

दादा हलला नाही. हलायचंच नव्हतं. मग म्हणाला, “तिला माहीत होतं.”

“काय?”

“सगळं. स्टुलावर तोंड खिडकीकडे करून बसवलं होतं ना तिला? खिडकीतून खाली स्कूटर स्टँड दिसायचा. तुमच्या सरदारजीनं हलू नका सांगितलेलं. वीस मिनिटं तिला तूच दिसत होतास. हात जोडून उभा.”

मी त्या खोलीत अठरा वर्षं काम केलं, वहिनी. पेशंटच्या तोंडासमोर काय येतं हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मी कायम पाठीकडच्या बाजूला असायचो.

“घरी येऊन मला म्हणाली,” दादा सांगत होता, “भाऊजी चहाला गेलो म्हणाले, आणि तिथे उन्हात हात जोडून उभे होते. फार घाबरलेत. मी म्हटलं, घाबरला म्हणजे? तर मलाच ओरडली. म्हणाली, घरात आठ महिन्यांची पोर आहे, घाबरायलाच हवं त्यांनी. आणि बजावलं, हे त्यांच्यापुढे कधी काढायचं नाही.” आणि वर म्हणाला, “आज काढलं. आता ती काही ओरडायची नाही.”

दादा रडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी त्याचा खांदा धरून ठेवला, कारण खरंच हलायचं नव्हतं, रेघ उताराला लागली होती. छान उतार, वहिनी. त्या पाच दिवसांनी फारसं काही बिघडलेलं नाही. डिटेक्टर काढल्यावर दादानं शर्टाची बटणं लावली, कागद मागून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, “संध्याकाळच्या गोळ्या सातलाच ना?” काल सातला त्यानं गोळ्या घेतल्या. आज सकाळच्याही घेतल्या, फोन करून सांगितलं.

मी मात्र कालपासून त्या वादातच अडकलो आहे. पंचवीस वर्षं तू माझ्याशी भांडलीस. मी देव नाही म्हणायचो, विज्ञान सांगायचो, तुझ्या उपासाची टिंगल करायचो, आणि तू नुसतं एवढं म्हटलं असतंस, ‘त्या पिंपळाखाली काय करत होतात?’, तर मी जागच्या जागी गप्प झालो असतो. हुकमाचं पान पहिल्या दिवसापासून तुझ्या हातात होतं. किती वेळा तू वाद हरलीस, चिडलीस, उठून आत गेलीस, पण ते पान काही टाकलं नाहीस. जिंकलीस तर मला लाज वाटेल म्हणून तू हरत राहिलीस. किडनी देणं तुला सोपं गेलं असेल, तुझा स्वभावच तसा. पण वादात तुझी ती जीभ आवरणं? ते तुला फार कठीण गेलं असणार, हे मला चांगलं ठाऊक आहे.

वहिनी, त्या दिवशी मी घाबरलो होतो. तुला ते माहीत होतं, तरी माझ्या तोंडून तुला एकदा सांगायचं राहिलं होतं.